सोफ्याच्या दुकानातला बँड

सोफे दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे उस्ताद म्हणत, आणि म्हणताना गालात हसत. दिवसभर जुन्या खुर्च्यांच्या बैठका उसवायच्या, नवा फोम भरायचा, कापड ताणून ठोकायचं आणि दुकान बंद झालं की मागच्या भागात ड्रम बडवत बसायचं. पन्नाशीला आलेल्या माणसाला हे थेर शोभतात का, असं त्याची थोरली बहीण विचारायची. दुकान ताईचं होतं, त्यामुळे विचारायचा हक्कही तिचाच.

बँडही असाच जमला. एक बसड्रायव्हर मोडकी आरामखुर्ची घेऊन आला, ड्रम बघून खुर्ची विसरला आणि दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन हजर झाला. दातांच्या दवाखान्यात फोन घेणारी ड्रायव्हरची मेहुणी गायची. गाणी स्वतःचीच: एक शेवटच्या थांब्यावर गाढ झोपलेल्या प्रवाशाचं, एक दाढ काढायला घाबरणाऱ्या पैलवानाचं.

तालीम त्याच दुकानात चाले. चहूबाजूंनी फोम, गाद्या, कापडाचे तागे. तिथे आवाज असा जिरायचा की ड्रायव्हर म्हणे, काही ऐकू येत नाही. मग उस्ताद आणखी जोरात बडवी आणि मेहुणी घसा ताणी. बँड असाच वाजवायचा असतो, अशी तिघांची पक्की समजूत झाली.

पहिला कार्यक्रम शाळेच्या सभागृहात झाला. भिंतींना फरशा, वर पत्रा. पहिल्याच ठोक्याला पुढच्या रांगेने कानांत बोटं घातली आणि दुसरं गाणं संपेपर्यंत खुर्च्या रिकाम्या झाल्या. उस्तादने सभागृहाला दोष दिला. नाचता येईना अंगण वाकडं, असं ताई म्हणाली. बिचारीला कुठे ठाऊक, की या खेपेला अंगण खरोखरच वाकडं होतं!

"पुढच्या महिन्यात नवा माल येतोय," तिने ठणकावलं. "त्याआधी तो ड्रम उचल."

दुसरी जागा कुणी देणार नव्हतं. ड्रम गेला की बँड गेला, आणि या वयात दुसरा बँड कुठून आणायचा? हातापाया पडून उस्तादने एक रविवार मागून घेतला. लोकांना दुकानातच बोलवायचं ठरलं.

लोक गिऱ्हाइकांच्या तयार सोफ्यांवर बसले आणि ताईने कपाळाला हात लावला. पण त्या मऊ खोलीत गाण्याचा शब्द न् शब्द कळत होता. पैलवानाच्या गाण्याला माणसं पोट धरून हसली. सोफेच इतके मऊ आहेत, उठेल कोण, असं म्हणत ताईने ते उडवून लावलं. पुढच्या रविवारी मात्र तीच माणसं शेजारीपाजारी घेऊन आली. मग दार उघडं ठेवावं लागलं, गर्दी रस्त्यावर गेली. गिऱ्हाइकं सांगू लागली, आमचा सोफा रविवारनंतरच पाठवा, कार्यक्रमाला त्यावर आम्हीच बसू.

शेवटी शाळेचे मुख्याध्यापक पुन्हा बोलवायला आले. उस्ताद लगेच हो म्हणेना. तिथे परत फजिती झाली, तर ताईसमोर तोंड उघडायची सोय उरली नसती. विचार करता करता त्याची नजर भोवतालच्या गाद्यांवर गेली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

त्याने टेम्पो भरून गाद्या नेल्या आणि सभागृहाच्या भिंतींना टांगायला घेतल्या. हा काय तमाशा, म्हणून मुख्याध्यापक कुरकुरले. तेवढ्यात मागून ताई पुढे आली.

"गाद्या लागतील," ती म्हणाली. "नाहीतर आमचा बँड वाजवणार नाही."

आमचा! उस्तादला वाटलं, कार्यक्रम इथेच जिंकला.

त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. झोपलेल्या प्रवाशाचं गाणं सुरू झालं आणि ध्रुवपद अख्ख्या सभागृहाने उचललं. मेहुणी थांबली तरी लोक गातच राहिले. उस्तादने काठ्या खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी नवा माल आला. ताईने तो थेट स्वतःच्या बैठकीच्या खोलीत उतरवला. खोली छतापर्यंत भरली. आता तुम्ही बसणार कुठे, असं शेजारणीने विचारलं.

"दुकानात," ताई म्हणाली, "पहिल्या रांगेत."