नऊचा सहा

देवावर माझा भरवसा बेताचाच होता; स्वतःवर मात्र अफाट. त्या वर्षी आईच्या पायाच्या हाडात पू झाला. उल्हासनगरच्या इस्पितळात तीन आठवडे काढल्यावर डॉक्टर म्हणाले, उरलेलं औषध घरीच शिरेतून देऊ, कंपाउंडर रोज येईल. पण खंड पडला तर पायाची खात्री नाही. आम्ही तिला शिरगावला घरी आणलं.

बाटली टांगायला खिळा हवा होता. आईच्या खाटेजवळ होता त्यावर दत्ताची तसबीर. मी हात घातला तर बायको आडवी आली.

"अहो, देवाला उतरवून बाटली टांगणार?"

"चार दिवस कोपऱ्यात बसला तर काय रागावेल?"

"तो नाही, मी रागावेन."

त्यापुढे माझं चालत नाही. कुरकुरत मी दारावरच्या घरनंबराचा, पत्र्याच्या इंग्रजी नऊचा, वरचा खिळा उपटला आणि तसबिरीशेजारी ठोकला.

आठवड्यानं कंपाउंडर तापानं पडला. 'डॉक्टरांना सांगून दुसरा माणूस बोलवा,' असा त्याचा निरोप. मी म्हटलं, अंबरनाथच्या कारखान्यात रोज व्हॉल्व्ह फिरवणारा मी, मला नळीवरचं हे एवढंसं चाक जमणार नाही? सुई आईच्या हातात टोचलेली होतीच. नळी जोडली, आणि दुसरी पाळी गाठायची म्हणून चाक पुरतं सोडलं. तासाभरात जायचं औषध धो धो सुटलं.

आई लालबुंद झाली, थरथरू लागली. "मेल्या, अंग पेटलंय रे माझं!" एवढं बोलून तिनं डोळे मिटले. चाक कुठल्या बाजूला बंद होतं तेच मला आठवेना. समोर तसबीर होती. प्रार्थना कुठली येणार? तोंडातून इतकंच निघालं, "मला येत नाही." आयुष्यात पहिल्यांदाच.

दारात एक ठेंगणी सिंधी बाई उभी होती, हातात पिशवी. "छे नंबर यही है ना? सुई लगाने आई हूँ." आईकडे नजर जाताच ती आत धावली आणि चाक बंद केलं. "साईं, ये क्या नल है?" मला डॉक्टरांना फोन करायला पिटाळून ती आईची नाडी धरून बसली. डॉक्टर येईपर्यंत आईचा श्वास ठिकाणावर आला होता. उरलेलं औषध दुपारी त्यांच्यासमोर त्याच बाईनं थेंबाथेंबानं दिलं. खंड पडला नाही.

निघताना तिनं दाराकडे पाहिलं. खालच्या एकाच खिळ्यावर नऊ उलटा लटकून सहा झाला होता.

आई पुढे स्वतःच्या पायांनी दत्ताच्या देवळात गेली. चमत्कार म्हणावा, तर खिळा मीच उपटला होता. पण तोच का उपटला, ते बायको जाणे आणि तिचा दत्त. मला एवढंच कळलं, की 'येत नाही' म्हटल्यावर माणूस थोडा बाजूला सरतो, आणि तेवढ्या वाटेनं कुणीतरी आत येतं.

आकडा अजून उलटाच आहे. पोस्टमन खालच्या सहा नंबरची पत्रं आमच्याकडे टाकतो. मी मुकाट्यानं नेऊन देतो.