देवपुरात कायदा आला तेव्हा

आमच्या ऑफिसातली जुनी मंडळी कुणाच्या लग्नात भेटली, की वरण-बट्टीच्या पंगतीतच किस्से सुरू होतात. एकानं सांगितला की दुसऱ्याला आठवतो, आणि घरी येईपर्यंत चार नवे जमलेले असतात. मी धुळ्याला, देवपुरातल्या एका कॉलेजात प्राचार्यांची स्टेनो होते. नव्वदच्या दशकात विद्यापीठांचा नवा कायदा आला, आणि सगळ्यात जास्त किस्से त्याच दोन-तीन वर्षांतले. सरकारनं कायदा फार गंभीरपणे केला होता हो! आम्हीही तो तितक्याच गंभीरपणे राबवला. तिथंच सगळा घोटाळा झाला.

*

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे आबा. मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अहिराणी, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणणारं, शिक्षण सातवी, पण माळरानावर कॉलेज उभं केलं ते त्यांनीच. प्राचार्यांनी कायद्याची प्रत आणली आणि तासभर आबांना वाचून दाखवली. कलम झालं, पोटकलम झालं. आबा डोळे मिटून ऐकत होते. सरांना वाटलं, झोपले.

संपल्यावर आबांनी डोळे उघडले. "बठ्ठं बरोबर शे. पन यामा मनं नाव कोठे शे?"

"आबा, कायद्यात कुणाचंच नाव नसतं. 'संस्थेचा अध्यक्ष' असं लिहिलंय, ते तुम्हीच."

"मंग तठे लाल पेननं खूण करी ठेव," आबा म्हणाले. "बाकीनं तू पाही ले."

*

कायद्यानुसार कॉलेजात एक स्थानिक व्यवस्थापन समिती नेमायची होती. विद्यापीठाकडून इंग्रजीत पत्र आलं: प्राचार्य हे या समितीचे 'एक्स-ऑफिशिओ' सचिव असतील. मी ते वाचून दाखवलं तसे आबा सावरून बसले.

"मना भाचा एक्स-सर्व्हिसमन शे. म्हंजे रिटायर. मंग सर, तुम्हे पन आजपाईन एक्स का?"

सर घाईघाईनं म्हणाले, "नाही नाही आबा, एक्स-ऑफिशिओ म्हणजे पदसिद्ध!"

"सिद्ध कोन करी?"

सर त्या दिवशी जेवायला घरी गेलेच नाहीत. खुर्चीवरच डबा खाल्ला!

*

त्याच कायद्यानं विद्यार्थ्यांच्या निवडणुका बंद केल्या. आता वर्गात पहिला येईल तोच प्रतिनिधी. आमच्याकडे तोवर जीपगाड्या फिरायच्या, गुलाल उडायचा. एस. वाय. बी. ए.ला तिसऱ्यांदा बसलेला एक पुढारी होता, सगळे त्याला 'दादा' म्हणत. त्यानं नोटीस तीनदा वाचली आणि माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, आते निवडी येवासाठे अभ्यास करना पडी का?"

"हो, असंच दिसतंय."

"हाऊ तर सरळ सरळ अन्याय शे!"

त्या वर्षी प्रतिनिधी झाली रावेरकडची एक मुलगी. केळीवाल्या शेतकऱ्याची, इतकी अबोल की हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. नाव जाहीर झालं तशी ती रडतच ऑफिसात आली. "मॅडम, माझं नाव काढा ना! मी काही केलेलं नाही, फक्त पहिली आले!"

दादानं मात्र लायब्ररीचं कार्ड काढलं. आयुष्यातलं पहिलं. प्रतिनिधी नाही झाला, पण पास झाला. त्याची आई पेढे घेऊन आली आणि सरांना म्हणाली, "सर, त्या कायद्यालेबी एक पेढा द्या!"

*

संलग्नतेसाठी तपासणी समिती येणार होती. त्यांच्या यादीत 'मुलींसाठी स्वतंत्र खोली' असं होतं. आमच्याकडे ती नव्हती. एन. सी. सी.च्या लाकडी बंदुका ठेवायची एक खोली होती. बंदुका हलवल्या, पडदे लावले, आरसा टांगला, चार मुलींना आत बसवलं.

समितीतल्या बाईंनी एका मुलीला प्रेमानं विचारलं, "कधीपासून आहे गं ही खोली?"

मुलीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "सकाळी साडेनऊपासून!"

सरांचा चेहरा पाहवेना. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी अहवालात एकच ओळ लिहिली: "खोली उत्तम आहे. ती कायम ठेवावी."

आठवड्यानं बंदुका परत आल्या, तर दाराला अहवालाची ती ओळ डकवलेली. खाली गोल शिक्क्यासह! बंदुका व्हरांड्यात राहिल्या. ती प्रत कुणी टाइप केली, ते मला विचारू नका.

*

आमच्याकडे यमुनाअक्का झाडलोटीला होत्या. नऊ वर्षं टेम्पररी. दर जूनला त्यांना वाटायचं, यंदा काढून टाकतील. पुढं त्या पर्मनंट झाल्या आणि सन्मानानं रिटायरही झाल्या. त्यांची ऑर्डर मीच टाइप केली. पण तो ठराव झाला कसा, ते सांगते.

व्यवस्थापन समितीवर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांतून एक जण निवडून द्यायचा होता. हेडक्लार्कांनी मीटिंगसाठी नवा सफारी शिवून ठेवला होता. पण क्लार्क आम्ही पाच, आणि शिपाई-हमाल चौदा. सुपडूनाना निवडून आले! सुपडूनाना म्हणजे आबांच्या खोलीचे शिपाई. वीस वर्षं त्या दाराबाहेर स्टुलावर बसलेले.

पहिली मीटिंग आबांच्याच खोलीत. मी कोपऱ्यात शॉर्टहँडची वही घेऊन. नाना खुर्चीच्या अगदी टोकाशी बसले होते, टोपी मांडीवर. सगळे विषय झाले. सर म्हणाले, "ऐनवेळचे काही विषय?"

नाना उभे राहिले. "आबा, यमुनाअक्काले नऊ वरीस व्हयनात. आजून टेम्परवारीच शे."

"बशीसन बोल, सुपडू."

"या खोलीमा वीस वरीस उभाच ऱ्हायनू आबा. बशीसन शब्दच फुटत नही."

सर कागद चाळायला लागले. आबांना हा विषय नको होता, ते स्पष्ट दिसत होतं. त्यांनी घसा खाकरला, "चला, पहिले चहा लेऊ," असं म्हणाले आणि टेबलावरची घंटी दाबली.

कुणी आलं नाही.

त्यांनी पुन्हा दाबली. मग तिसऱ्यांदा, जोरात. सगळे दाराकडे पाहत होते. मी नानांकडे पाहत होते. ते हळूच मागं सरकले, पहिल्यांदाच खुर्चीत नीट टेकून बसले, आणि म्हणाले,

"आबा, शिपाई मीटिंगमा शे."