खारूचं शून्य

मी खारूची सख्खी मावशी. पेशाने शिंपीण. जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांसाठी तिला लागणारे सगळे पोशाख मीच शिवले. तेव्हा तिच्याबद्दल बोलायचा अधिकार मला संघटनेच्या अध्यक्षांपेक्षा जास्त आहे. अध्यक्षांना धावत येऊन ज्यावरून उडी घ्यायची तो व्हॉल्ट कुठला आणि ज्यावर तोल सांभाळायचा तो बीम कुठला हेसुद्धा कळायचं नाही. एकदा पदक गळ्यात घालताना त्यांनी तिला 'गुणी नर्तिका' म्हटलं होतं.

खारू हे नाव तिच्या बाबांनी पाडलं, कारण पोरगी दाराच्या चौकटीला हातपाय टेकवत सरसर वर चढायची. सातव्या वर्षी जिम्नॅस्टिक्स शिकवणाऱ्या सरांनी तिला शाळेच्या मैदानावर हेरलं आणि आपल्या हॉलमध्ये नेलं. सर कधी हसत नसत. न हसणारा माणूस हुशारच असणार, असं आम्हा भाबड्यांना वाटायचं. चौदाव्या वर्षी खारू देशाच्या संघात होती आणि आमच्या घरी ओळख नसलेली माणसं पेढे न्यायला येऊ लागली.

सोळाव्या वर्षी तिचा घोटा दुखायला लागला. सर म्हणाले, दुखणं डोक्यात असतं. मग डोक्यातल्या दुखण्यासाठी ते घोट्याला पट्टी का बांधायचे, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. माझी बहीण एकदा चाचरत म्हणाली, की डॉक्टरला दाखवून घेऊ. सरांनी तिलाच विचारलं, मुलीला घडवायचंय की लाडावून ठेवायचंय? बहीण खाली मान घालून घरी आली.

दुखरा घोटा सांभाळता सांभाळता खारू सगळा भार दुसऱ्या पायावर घ्यायला लागली. एका सकाळी सरावात व्हॉल्टवरून उतरताना त्या पायाचा गुडघा फिरला. लिगामेंट तुटलं. आवाज पार दरवाज्यापर्यंत आला, असं तिथल्या झाडूवाल्या बाईंनी मला सांगितलं. तिला मॅटवरून उचलून बाजूला ठेवलं आणि सरांनी रांगेतल्या पुढच्या मुलीला हाक मारली.

ऑपरेशननंतर अध्यक्ष दवाखान्यात आले ते फोटोग्राफर घेऊनच. पाय फोटोत येईना, म्हणून त्यांनी तिची चादर सरकवायला लावली. म्हणाले, सगळा देश तुझ्या पाठीशी आहे. पुढची दोन वर्षं त्या देशातलं कुणी आमच्या जिन्यावर दिसलं नाही. येत होती ती एक बुटकी, तोंडाळ फिजिओ. गुडघा चार अंश जास्त वाकला की ती खारूला शाबासकी द्यायची आणि लगेच आणखी दोन अंश वाकवायची.

परत स्पर्धेत उतरायचं ठरलं तेव्हा मी नव्याने मापं घेतली. एक मांडी दुसरीपेक्षा दीड इंच बारीक भरली. मी टेप गुंडाळून ठेवला.

"भरेल गं ती, मावशी," खारू म्हणाली. "तू शिलाईत थोडं कापड जादा ठेव."

फिजिओने एकच अट घातली होती. बार आणि बीम चालेल, व्हॉल्ट नाही. स्पर्धेच्या दिवशी खारू बारवर अशी फिरली की शेजारच्या संघातल्या मुली आपलं काम सोडून बघत राहिल्या. तेवढ्यात संघातल्या एका मुलीला ताप भरला आणि सरांनी व्हॉल्टच्या यादीत तिच्या जागी खारूचं नाव टाकलं. तिला विचारलंसुद्धा नाही. सरावाच्या उडीत गुडघा पुन्हा हलला. तिने सरांना सांगितलं.

सर म्हणाले, "पट्टी बांध आणि पळ."

तिने पट्टी बांधली. धावपट्टीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. मी प्रेक्षकांत होते. परीक्षकांनी खूण केली, आणि खारू धावायच्या ऐवजी चालत त्यांच्या टेबलापाशी गेली.

"मी उडी मारणार नाहीये," ती म्हणाली. "शून्य लिहा."

संघ चौथा आला, पदक हुकलं. सरांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पेपरात तिला भित्री म्हणून छापलं. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धापा टाकणारे आमचे शेजारी तिला हिंमत म्हणजे काय ते समजावायला लागले. त्या पेढेवाल्यांना तर आमचं दारच सापडेनासं झालं. संघात तिला पुन्हा कधी घेतलं नाही. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. काही महिने ती खोलीतून फारशी बाहेर आली नाही, आणि त्या दिवसांत मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

आता ती एका शाळेत लहान मुलांना शिकवते. पहिले दोन महिने फक्त पडायला शिकवते: मान कशी आत घ्यायची, अंग कसं गोल करायचं. पालक विचारतात, पदक कधी? ती त्यांना दार दाखवते.

गेल्या वर्षी सरांना जीवनगौरव मिळाला. खारूचा त्या दिवशी वर्ग होता, ती गेली नाही. मी गेले, खोटं कशाला बोलू, बघायलाच गेले. सरांनी घडवलेल्या अकरा मुलींची नावं वाचून त्यांना वर बोलावलं. खारूचं नाव त्यात नव्हतं. आलेल्यांपैकी चौघी कठडा धरून पायऱ्या चढल्या, तिशीच्या आतल्या पोरी, आणि सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. मी चहाला थांबले नाही.