मावशीचा पहिला भाग

कुठलीही गोष्ट सुरुवातीपासूनच सुरू व्हायला हवी, ही अट माझ्या मोठ्या मावशीने आयुष्यात एकदाही मान्य केली नाही. लग्नाला ती पंगत बसल्यावर पोचायची, सिनेमाला मध्यंतरात, आणि भांडणात तर दोन्ही बाजू दमल्यावर शिरून निकाल देऊन मोकळी व्हायची. कुरखेड्याला नर्स म्हणून तिची सारी नोकरी गेली. "पेशंट काय पहिल्या दिवशी येते का रे? आजार अर्धा झाल्यावरच येते. मंग तिथूनच धरा लागते," हे तिचं शास्त्र.

मार्कंड्याच्या जत्रेत एकदा तिने जुन्या पुस्तकांच्या ढिगातून एक जाड कादंबरी उचलली. पुढच्या कुठल्याशा काळातलं भिंतीआडचं शहर, सोळाव्या वर्षी पोरांना आईबापांपासून तोडणारं सरकार आणि तिथून पळालेली एक मुलगी. वर ठळक छापलेलं : भाग दुसरा. पहिल्याच पानावर मुलगी भावासाठी रडत होती. त्याचं काय झालं, ते त्या भागात कुठेच नव्हतं.

"मावशी, पहिला भाग कुठी हाये?" मी विचारलं.

"त्याले काय लागते? मी सांगते ना!"

आणि तिने सांगितला. आम्हा भाचरांना दर सुट्टीत नवा सांगितला. भाऊ भिंत ओलांडून जंगलात लपलाय, मोहफुलं खाऊन राहतोय. एकदा त्याला मलेरिया झाला तेव्हा मावशीने गोळ्यांचा डोससुद्धा अचूक सांगितला. नाल्याला पूर आहे, म्हणून अडकलाय. "पूर उतरला का येते तो."

पुष्कळ वर्षांनी नागपूरच्या फुटपाथवर मला खरा पहिला भाग सापडला. कुरखेड्याच्या एसटीत बसून मी तो संपवला. त्यात भाऊ मरतो, बहिणीच्या डोळ्यांदेखत.

तोवर मावशीची नजर पार गेली होती. "वाच," ती म्हणाली. तीन दिवस मी वाचत होतो. तिसऱ्या दुपारी ते पान आलं. मी वर पाहिलं. मावशी मांडीवर हात ठेवून, मान किंचित पुढे काढून बसली होती. माझ्या तोंडून ते निघेना. पुस्तकात डोळे घालून मी भावाला भिंतीपलीकडे उतरवलं, मोहाखाली बसवलं, मग नाल्याला पूर आणला. चांगला अर्धा तास.

मग मावशी हळूच म्हणाली, "एवढं सारं झालं, अन् तुनं एक पान नाई पलटवलं."

मी घाईघाईने एक पान उलटलं.

"हां," ती म्हणाली, "आता सांग पुढं."