तळ्यावरचे पाहुणे

माझे वडील बहिरे झाले ते लूममुळे. धुळ्याहून सुरतेला आल्यापासून निवृत्त होईपर्यंत त्यांचा दिवस मागांच्या खडखडाटात गेला. शेवटी शेवटी त्यांच्याशी बोलायचं म्हणजे कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. गोडादऱ्यातल्या आमच्या घरात दोन खोल्या, त्यात ते, माय, भाऊ आणि वहिनी. मी लग्नानंतर त्याच गल्लीच्या पुढच्या टोकाला राहायला गेले. म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत शिकवते. शाळा सुटली की घरी जायच्या आधी आबांकडे डोकावायचं, हा माझा रोजचा नेम होता.

काम सुटल्यावर आबा वर्षभर दारात बसून राहिले. टीव्ही ऐकू येत नाही, लोकांचं बोलणं ऐकू येत नाही. माय वैतागायची, "दिवसभर भिंतीसारखा बठी ऱ्हातस." मग भावाला इच्छापोरला एका कारखान्यात कंत्राटावर काम लागलं. कारखान्याच्या रस्त्यावर एक तळं होतं. एका बाजूला गोदामाची भिंत, दुसऱ्या बाजूला बाभळी आणि मध्ये उथळ पाणी. एकदा आबा सहज भावाच्या मोटरसायकलवर मागे बसून गेले. भावाने त्यांना तळ्याशी उतरवलं आणि संध्याकाळी परत घेतलं. त्या दिवसापासून हिवाळाभर ते जायला लागले. फडक्यात भाकरी, ठेचा, पाण्याची बाटली घ्यायची आणि बाभळीखाली बसायचं.

मी एका रविवारी त्यांच्याबरोबर गेले होते. पाण्यावर इतकी बदकं होती की पाणी कमी आणि बदकं जास्त वाटत होती. फावड्यासारख्या चोचीचे थापटे गोल गोल फिरत चिखल गाळत होते. डोक्यावर काळे पट्टे असलेले मोठे हंस पलीकडच्या काठावर गवत खात होते. ते हिमालय ओलांडून येतात, असं मी पुस्तकात वाचलं होतं, ते मी आबांच्या कानात ओरडून सांगितलं. थापटे दचकून उडाले. आबांनी माझ्या हातावर चापट मारली.

"आठे बोलानं काम नही," ते म्हणाले. "फक्त देखानं."

तिथे त्यांना बहिरेपणाची अडचण नव्हती, हे मला तेव्हा कळलं. सगळ्या सुरतेत ती एकच जागा असेल, जिथे ते कुणापेक्षा कमी नव्हते. पक्ष्यांची नावं त्यांना माहीत नव्हती. त्यांनी आपली ठेवली होती. काळ्या अंगाच्या, कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या चांदव्याला ते टिकलीवाली म्हणायचे.

संक्रांतीचं उतरायण झालं, पतंग उतरले, त्यानंतरची गोष्ट. एका संध्याकाळी मी शाळेतून आले तर आबा मोरीत हात धूत होते, पुन्हा पुन्हा. भाऊ दारात उभा होता, त्याचा चेहरा उतरलेला.

"ताई, तळ्यावर पाखरं मरताहेत," तो म्हणाला.

आबांनी हात पुसले आणि खाटेवर बसले. "टिकलीवाली चक्कर खाई ऱ्हायनी व्हती," ते सांगू लागले. एक चांदवा पाण्यात एकाच जागी गरगर फिरत होता. त्याची मान पिळल्यासारखी पाठीकडे वळलेली. त्याला पोहता येईना, काठाला लागता येईना. आबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि त्याला उचलून आणलं. "तिनी मान सरळ व्हयेच ना. मी मांडीवर लिधी." तो पक्षी त्यांच्या मांडीवरच मेला. मग त्यांनी नीट पाहिलं तर पाणकणसांत आणखी पक्षी पडलेले होते, आणि कावळे त्यांच्यावर उतरत होते.

माय कपाळाला हात लावून म्हणाली, "मरेल पाखरू मांडीवर लिधं? याड लागनं का तुम्हले?"

आबांना ते ऐकू गेलं नाही. ते आपल्या धोतराकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मी पशुपालन खात्यात फोन केला. खात्याचे लोक तळ्यावर गेले, मेलेले पक्षी घेतले, पाण्याचे नमुने घेतले. काही दिवसांनी कळलं की बर्ड फ्लू आहे. तळ्याभोवती दोर बांधले, पाटी लावली. आबांनी पक्षी हातात धरला होता म्हणून आरोग्य खात्याचे लोक घरी आले, त्यांच्या नाकातला नमुना घेऊन गेले आणि त्यांना आतल्या खोलीत वेगळं राहायला सांगितलं. त्यांना खोकला होताच. लूममधल्या धाग्याच्या भुशाने छाती केव्हाच बसलेली होती. पण आता त्या खोकल्याकडे सगळेच वेगळ्या नजरेने बघू लागले.

त्याच सुमारास एक पशुवैद्यक बाई आल्या. तरुण, गुजराती, आबांशी हिंदीत बोलणाऱ्या. त्यांना विचारायचं होतं की कुठले पक्षी आजारी दिसले, कुठल्या बाजूला, जवळपास कोंबड्यांची शेड आहे का. त्या तोंडाला मास्क लावून दाराशी उभ्या, आबा आत खाटेवर. बाई हळू बोलायच्या आणि मी दारातून आबांना ऐकू जाईल इतकं ओरडायचे.

आबांनी सगळं सांगितलं आणि मग त्यांनी विचारलं, "हाऊ रोग ऊना कोठेन?" हा रोग आला कुठून?

बाईंनी घाई केली नाही. दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी नीट समजावलं. रानबदकांच्या पोटात हा विषाणू पूर्वापार राहत आला आहे. बहुतेक वेळा बदकाला काही होतही नाही. ते खातं, पितं, उडतं, आणि त्याच्या विष्ठेतून तो पाण्यात उतरतो. थंडीत साचलेल्या पाण्यात तो बरेच दिवस टिकतो. पावसाळा सरला की एकेक डबकं आटत जातं, मग निरनिराळ्या जातींचे पक्षी उरलेल्या एका पाण्यावर गर्दी करतात. एकाचं पाणी दुसरा पितो. पण माणसाने हजारो कोंबड्या एका छपराखाली कोंडल्या. तिथे तो शिरला की बदलतो, मारक होतो. तसा होऊन तो पुन्हा बाहेर आला की रानपक्षीही त्याला बळी पडतात. मेलेल्याला कावळा खातो, घार खाते, मग ते मरतात.

"मग इथे पक्ष्यांनी आणला?" मी विचारलं.

"तळ्याच्या मागे कुणीतरी मेलेल्या कोंबड्यांची पोती टाकलेली सापडली," बाई म्हणाल्या. "पक्ष्यांनी आपल्याला दिला की आपण पक्ष्यांना, ते अजून सांगता येत नाही. कदाचित कधीच येणार नाही."

हेही मी ओरडून सांगितलं. आबा खाटेवर सरसावून बसले. मग हात जोडून बाईंना म्हणाले, "त्या पाव्हना शेतस, बेटा. त्यासवर आळ नका घालू."

बाईंना अहिराणी येत नव्हती. मी अर्थ सांगितला, ते पाहुणे आहेत, त्यांच्यावर आळ घेऊ नका. बाईंनी मान हलवली. जाताना त्या मला म्हणाल्या, "काकांची काळजी घ्या. मला त्यांचा रिपोर्ट वाईट येईल असं वाटत नाही." आणि माझा नंबर लिहून घेतला.

माझं ओरडणं सगळ्या गल्लीने ऐकलं होतं. त्यात दोनच दिवसांत आमच्या गल्लीत कावळे पडायला लागले. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानामागे पहिला पडला, मग पत्र्यांवर, मग शाळेच्या मैदानात. एक कावळा आमच्या समोरच्या विजेच्या तारेवरून माझ्या देखत खाली आला. पंख पसरायचा प्रयत्न करत आला आणि नाल्याच्या कडेला पडून राहिला. बाकीचे कावळे वर गोळा होऊन ओरडत होते. पांढरे झगे घातलेले लोक आले, मेलेले कावळे पिशव्यांत भरून घेऊन गेले, दुकानातल्या कोंबड्याही नेल्या. तळं इतकं लांब, पण लोकांनी सोपा हिशोब केला.

"बुढ्ढा ही लाया है बीमारी," समोरचा शेजारी आमच्या दाराकडे बघून म्हणाला. तो आणि आबा एकाच कारखान्यात शेजारच्या मागांवर उभे राहिलेले. त्याच्या मुलीच्या लग्नात आबांनी वाढपी म्हणून काम केलं होतं. कुणी म्हणालं, तळ्यावर फटाके फोडून पाखरं हाकलून द्या. मी सांगितलं की तसं केलं तर आजारी पाखरं दुसऱ्या तळ्यांवर जातील, रोग आणखी पसरेल. एक बाई म्हणाली, "तू तो बोलेगी ही."

आबांना शब्द ऐकू येत नव्हते, पण खिडकीतून चेहरे दिसत होते. आयुष्यभर मागांच्या आवाजात ओठ वाचून बोललेला माणूस तो. एका दुपारी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि हळू आवाजात विचारलं, "मी आनं का गं खरंच?"

"नाही आबा!" मी ओरडले. "तुम्ही नाही आणलं!"

त्यांनी हाताने मला आवाज कमी करायची खूण केली. लोक ऐकतील म्हणून. मग ते भिंतीकडे तोंड करून निजले.

त्यानंतर त्यांचं खाणं सुटत गेलं. छाती भरत गेली, श्वास लागायला लागला. आम्ही त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं तेव्हा गल्लीतली दारं लागली होती. ते गेले त्या सकाळी भाऊ आणि मी दोघेही जवळ होतो. माय खाली चहा आणायला गेली होती. ती कप घेऊन आली, आमच्याकडे पाहिलं आणि कप तसाच हातात धरून उभी राहिली. मी काढून घेईपर्यंत तिने तो सोडला नाही.

खांदा द्यायला गल्लीतून कुणी आलं नाही. भावाच्या कारखान्यातले चौघे आले, शाळेतले दोन सहकारी आले, नंदुरबारहून मामा आला. समोरचा शेजारी त्याच्या दारात आला, हात जोडले आणि पायरी उतरला नाही. रिपोर्ट त्यानंतर आला. आबांना बर्ड फ्लू नव्हता. डॉक्टर म्हणाले, ती जुनी छाती होती. भावाने तो कागद हातात धरून गल्लीत दारोदार दाखवायला निघायचं ठरवलं होतं. मायने त्याला उंबऱ्यात अडवलं.

"कोनले दाखाडस?" ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे."

दहाव्याला आम्ही तापीच्या घाटावर गेलो. भावाने पिंड मांडले. आबांना आवडायची ती मुगाची भाजी आणि भाकरी मायने पहाटे उठून केली होती, ती पानावर वाढली. आणि आम्ही मागे सरून कावळ्याची वाट बघत बसलो.

घाटावर कबुतरं होती. साळुंक्या होत्या. नदीवर पक्ष्यांना गांठिया शेव टाकणाऱ्या लोकांभोवती नेहमी फिरणारे पांढरे कुरव पक्षी त्या दिवशी लांब पाण्यावर बसून होते. गांठिया टाकायला त्या वर्षी मनाई होती. कावळा मात्र कुठे दिसेना. ऊन वर आलं. मामा म्हणाला, "काहीतरी इच्छा राहिली असेल, वचन द्या." भावाने हात जोडून म्हटलं, "आबा, मायला मी सांभाळीन." वहिनीने म्हटलं, मी म्हटलं. भाकरी वाळत चालली. भाऊ रडायला लागला, "माझ्यावर रागावलेत. मीच त्यांना तळ्यावर नेलं."

माय उठली. तिने भावाचं डोकं आपल्या पोटाशी धरलं.

"कोनवर राग नही त्यासना," ती म्हणाली. "कावळा कोठेन येई, बापा? त्या बी मरी गयात."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. असं चालतं, ते म्हणाले, यंदा बऱ्याच जणांचं असंच करावं लागतंय. आम्ही अंघोळी करून घरी आलो. त्या संध्याकाळी समोरच्या शेजाऱ्याची बायको ताटात खिचडी झाकून घेऊन आली आणि दाराबाहेरच रडायला लागली. मायने तिला आत घेतलं, पाटावर बसवलं, पाणी दिलं. खिचडी मात्र तशीच ताटात झाकलेली राहिली.

तळ्याभोवतीचे दोर पुढे काढले गेले. रोग मरावा म्हणून चुना टाकलेला काठ पावसात धुतला गेला. गल्लीत कावळे परत आले, आधी एखाददुसरा, मग बरेच. माय त्यांच्याकडे बघायची नाही.

दिवाळी झाल्यावर, थंडी नुकती सुरू झाली तेव्हा, मी मायजवळ बसून पापडीच्या शेंगा सोलत होते. फोन वाजला. अनोळखी नंबर. त्या पशुवैद्यक बाई होत्या. मधल्या काळात त्यांची दुसऱ्या तालुक्यात बदली झाली होती, आता कामासाठी परत सुरतेला आल्या होत्या.

"आज सकाळी तुमच्या तळ्यावर गेले होते," त्या आनंदाने सांगत होत्या. "पाणी तपासलं, काही नाही. बदकं आली आहेत. मागच्यापेक्षा कमी, पण आली आहेत. म्हटलं काकांना कळवावं. त्यांना सांगाल ना?"

त्यांना ठाऊक नव्हतं. कोण सांगणार होतं त्यांना? त्यांच्या आवाजातला आनंद मोडायला माझी जीभ उचलली नाही.

"हो," मी म्हणाले. "सांगते."

"अन् म्हणावं, लांबूनच बघा. हात लावू नका."

"सांगते."

फोन ठेवला. मायने विचारलं, "कोन व्हतं?"

मी सांगितलं. तळ्यावर बदकं आली, पाणी चांगलं आहे, सगळं सांगितलं. तिने मान हलवली. हातातली शेंग सोलून दाणे वाटीत टाकले, आणखी एक घेतली, तीही सोलली. मग वाटी माझ्याकडे सरकवून ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.