सांध्यावरचा आमटीचा थेंब

आज सकाळी माझ्या हातातल्या पळीवरून निसटलेला आमटीचा थेंब नेमका दोन फरश्यांमधल्या पांढऱ्या रेघेवर पडला आणि मी श्वास रोखला.

स्वयंपाकघराची फरशी बसवताना बायको म्हणाली होती, "अहो, सांध्यांत राखाडी ग्राउट भरा. माझ्या हातून हळद सांडते." मी हट्टाने पांढरं भरलं. महिनाभरात फरशी हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखी दिसू लागली. मग सोडा आणि दातांचा जुना ब्रश घेऊन मी एकेक रेघ घासली, सुकू दिली, वर डाग मुरू न देणारा सीलर लावला. "परत पिवळं झालं तर राखाडी," बायकोने बजावलं.

फरश्यांचं कौतुक सगळे करतात. त्यांच्यामधल्या रेघांकडे मात्र त्या मळल्यावरच लक्ष जातं. संसाराचंही तसंच, हा थोर विचार मला गुडघ्यांवर बसून घासतानाच सुचला होता.

थेंब मुरला नाही. मण्यासारखा वरच बसून राहिला. बायकोने फडकं फिरवलं. रेघ पांढरीशुभ्र.

"निघालं की हो," ती जरा नाराजीनेच म्हणाली.

मी पळी पुन्हा आमटीत बुडवली आणि दुसरा थेंब ऐटीत, मुद्दाम त्याच रेघेवर सांडला.