जुन्या शाळेचा कोबा

आमचे तात्या मिस्त्री कुणाच्या शब्दावर कधी विसंबले नाहीत. सिमेंटचं पोतं आलं की त्यावरचं छापील वाचायचं सोडून ते कोपरापर्यंत हात आत घालत. आत गार लागलं तर ठीक, नाहीतर पोतं परत. वाळू मुठीत चोळून तळहात उन्हात धरत आणि माती दिसली की ट्रॅक्टरवाल्याचा उद्धार करत. दुकानदारानं चहा पाजला तरी बाहेर आल्यावर म्हणायचे, "ह्यानं आज चहा कामून पाजला असंल?"

अशा माणसापुढे मी माझी कल्पना मांडली. येलदरी धरणाजवळच्या त्यांच्या गावात शाळेच्या दोन जुन्या खोल्या पाडल्या होत्या आणि मलब्याचा ढीग अंगणवाडीच्या दारातच पडून होता. मी जिंतूरहून येणारा नवाकोरा इंजिनिअर. अंगणवाडीपुढच्या अंगणात कोबा करायचा होता. जुन्या स्लॅबचे तुकडे फोडून निम्मी खडी त्यांची वापरायची, आणि तडे जाऊ नयेत म्हणून धरणावरच्या मच्छीमारांनी टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांचे धागे कातरून मालात मिसळायचे, असं माझ्या डोक्यात होतं. ग्रामपंचायतीनं होकार दिला, पण तात्या मिस्त्री तयार असतील तरच. त्यांनी नाही म्हटलेल्या कामाला गावात कुणी थापी लावत नसे.

तात्यांनी ढिगाला सावकाश एक फेरी मारली.

"पडल्याली भिंत परत लेकरांच्या पायाखाली घालायलाव तुमी. हिच्यात दम असता तर पडली असती का?"

"पडली नाही तात्या, पाडली."

"कुनी? अन कामून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरं सांगा साहेब, खडी वाचवून कुनाचं भलं करायलाव?"

मला असा राग आला होता की विचारू नका.

तरी 'करून तर बघू' म्हणून त्यांनी थोडा माल कालवला. पाचच मिनिटांत तो कोरडा पडला. मजूर बादली घेऊन धावला, तशी तात्यांनी ती हिसकावली. "वरून पानी वतू नगंस! मलबा पानी पितोय, विटेगत. न भिजवता वीट लावतेत का कवा?" मलबा आदल्या संध्याकाळीच भिजत घालायला हवा, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि साफ विसरलो होतो. धाग्यांचेही गोळे झाले होते. दुसऱ्या दिवशी तात्यांनी मलबा भिजवून घेतला आणि धागे मिठासारखे चिमटीनं भुरभुरवले. माल लोण्यासारखा झाला. मी खूश.

"चांगला दिसायलाय," तात्या म्हणाले, "म्हनूनच भ्या वाटतंय."

पुढे महिनाभर त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. महिना सरत आला तेव्हा ढिगाकडे बघताना माझ्या लक्षात आलं, फोडलेल्या मलब्याची दोन पोती आणि धाग्यांची पिशवी जागेवर नाही. मजूर म्हणाला, तात्याच सायकलवर लादून घेऊन गेले. संशय हा खरजेसारखा असतो, जवळच्याला लागतोच. म्हातारा माझं काम हाणून पाडतोय, कुठल्यातरी खडीवाल्याला सामील आहे, असं नाही नाही ते माझ्या मनात आलं. भर दुपारी मी त्यांचं घर गाठलं.

तात्या घरी नव्हते. परसात काकू भांडी घासत होत्या आणि त्यांच्यामागे न्हाणीला नवा कोबा होता. त्यातून जाळ्याचे हिरवे धागे डोकावत होते.

"महिना झाला की," काकू वैतागून म्हणाल्या. "रोज उकळतं पानी वततेत, हातोडा घेऊन ठोकतेत. मला धड न्हाऊ बी देईनात."

तेवढ्यात तात्या आले. मला पाहून जराही ओशाळले नाहीत.

"तडा न्हाई गेला. परवा या, अंगन घालू."

"मला सांगायचं तरी, तात्या!"

"सांगितलं असतं तर तुमी गुपचूप सिमेंट जास्त घालून दिलं असतं." मग म्हणाले, "लेकरू पडलं तर तुमी जिंतूरला असनार साहेब. त्याच्या आईला तोंड मला दावायचंय."

मला स्वतःची लाज वाटली. मी काय समजून त्यांच्या घरी आलो होतो, ते मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. अंगण आम्ही घातलं, आणि त्यावर पोरं अजून धावतात.

तात्या गेल्या वर्षी गेले. दहाव्याला काकू मला म्हणाल्या, "शेवटी शेवटी तुमचंच नाव काढायचे. म्हनायचे, साहेब आता मोठा झाला, त्याला कुनी उलटा सवाल इचारनार न्हाई."

परवा चुडाव्याजवळ असंच एक काम काढलं. मिस्त्री तरुण, हुशार, नम्र. मी त्याला मलबा दाखवला, धागे दाखवले, सगळं समजावून सांगितलं. त्यानं एकही प्रश्न विचारला नाही.

"तुमी म्हनाल तसं, साहेब," तो म्हणाला.

मी त्या दिवशी काम सुरू होऊ दिलं नाही.